पुईखडीच्या चढावरची टकटक

बाळासोकाकांची गाडी आमच्या गॅरेजमध्ये आली की देवळात बसल्यासारखी गप्प बसायची, आणि पुईखडीचा चढ लागला की वाजायला लागायची. एक नाही, दोन नाही, तेरा दिवस! तेवढ्या दिवसांत माझी सहामाही सुरू होऊन संपली, इतिहासातल्या सनावळ्यासुद्धा बरोबर आल्या, पण एका मोटरसायकलची टकटक मला घालवता येईना.

नीट सांगते. मी स्वप्नाली, दहावीत आहे. राजारामपुरीच्या नवव्या गल्लीत माझ्या पप्पांचं गॅरेज आहे. कृष्णात मिस्त्री म्हटलं की जुनी गाडीवाली माणसं अजून आदरानं कानाला हात लावतात, कारण पप्पांचं सगळं काम कानावर. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा इकडं, पाव आटा तिकडं, की गाडी लोण्यासारखी. पण नव्या गाड्यांना कार्बोरेटरच नसतो. पेट्रोल कधी आणि किती फवारायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं सीटखालचा काड्यापेटीएवढा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला फिरवायला स्क्रू नाही. त्यामुळं नवी गाडी आली की पप्पा हात पुसत म्हणायचे, "पुढच्या चौकात जावा, पावणं." दर वेळी पावणा गेला की ते थोडा वेळ उगीचच पाने पुसत बसायचे. मला ते बघवायचं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी ठरवून हे पेट्रोल फवारायचं, म्हणजे इंजेक्शनचं, प्रकरण शिकून घेतलं. व्हिडिओ बघितले, दोन वह्या भरल्या. त्याआधी मी गिऱ्हाईक आलं की पडद्यामागं जाणारी पोरगी होते, खोटं कशाला बोलू. पण इंजेक्टर कसा चालतो हे मी ज्ञानूमामांना समजावलं आणि त्यांना ते समजलं, त्या दिवसापासून माझा आवाजच वाढला. ज्ञानूमामा म्हणजे आमच्याकडचे वीस वर्षांचे जुने मिस्त्री. ते म्हणतात, "पोरीचा सायलेन्सर निघाला."

मग मी पप्पांच्या मागं लागले, की गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर घ्या. शाहूपुरीतले धवलशेठ असली यंत्रं विकतात. ते म्हणाले, पंधरा दिवस वापरून बघा, नको वाटला तर घेऊन जातो. पप्पांनी ते खोकं खुर्चीवर ठेवलं. फळीवर नाही. आमच्या भिंतीला एक मोठी फळी आहे, तिच्यावर प्रत्येक हत्याराची पांढऱ्या रंगानं कड काढलेली आहे. पाना उचलला की पान्याचा आकार मागं राहतो. ज्याची कड फळीवर, ते हत्यार घरचं. ज्याची नाही, ते पावणं.

"एक गाडी," पप्पा म्हणाले. "एकच. तू बघायची. जमलं तर यंत्र ऱ्हाईल आन शाळा सुटल्यावर असल्या गाड्या तुझ्या. न्हाय जमलं तर पंधरा दिसांनी सोमवारी धवलशेठ घिऊन जातील आन तू गप दहावीचा अभ्यास करायचा."

"जमलंच म्हणून समजा. मी करतो की!" मी म्हणाले. (आमच्या बाई दर वेळी सुधारतात, 'करतो नाही गं, करते.' कागदावर करते, तोंडात करतो. कोल्हापूरची पोर आहे मी.)

दुसऱ्याच दिवशी बाळासोकाका आले. राधानगरीकडचे. पहाटे पाचला गावातनं दोन कॅन दूध घेऊन निघतात, राजारामपुरीत घरोघरी रतीब घालतात आणि दुपारी जाताना म्हशींसाठी सरकी पेंडेची दोन पोती घेऊन जातात. गाडी इंजेक्शनची, दोन वर्षांची.

"येताना काय न्हाय," ते म्हणाले. "जाताना पुईखडी चढाय लागलो की टकटक टकटक. पार घरापत्तर."

पण मी ऐकतच नव्हते. माझं लक्ष त्यांच्या लेगगार्डवर. तिथं इंजिनासमोर एक फ्लेक्स ताणून बांधलेला, गुडघ्यापासून पावलापर्यंत. वाढदिवसाला चौकात लागतात ना, त्यातला. कुणा भाऊंचा गॉगल, अर्धी मिशी आणि खाली 'भावी' एवढाच शब्द. पुढचं शिवणीत गेलेलं.

"पावणं," मी मोठ्यानं विचारलं, "भाऊ भावी काय हायत? भावी मडगार्ड?"

ज्ञानूमामांच्या तोंडातला चहा उडाला. थांबलेली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. मीपण हसले, आपल्याच विनोदाला, आणि मला फार भारी वाटलं. एक वर्षापूर्वी मी एवढ्या माणसांत तोंड उघडलं नसतं.

बाळासोकाकापण थोडं हसले. "बायकोनं शिवलंय," म्हणाले. मग खाली बसून त्यांनी एकेक सुतळी सोडली, फ्लेक्सची लुगड्यासारखी घडी घातली, रिकाम्या कॅनमध्ये ठेवली आणि झाकण लावलं. "बघा आता."

मी बघितलं. आणि तिथंच माझे तेरा दिवस सुरू झाले.

असल्या टकटकीला नॉकिंग म्हणतात. म्हणजे काय, तर इंजिनाच्या आत पेट्रोल आणि हवा ठिणगीची वाट बघत असतात. ठिणगी पडली की एका बाजूनं शिस्तीत पेटत जायचं, हा नियम. पण आत वाजवीपेक्षा जास्त तापलं, की कोपऱ्यातलं मिश्रण दम धरत नाही, आपलं आपणच भडकतं. पंगतीत यजमान 'घ्या' म्हणायच्या आधीच कोपऱ्यातल्या पावण्यानं जिलेबी उचलावी तसं. त्या भडक्याचा दणका पिस्टनला बसतो आणि टकटक येते. असंच चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. म्हणजे ही टकटक नुसता आवाज नाही, इंजिनाचं रडणं आहे.

पहिल्या दिवशी स्कॅनर लावला. एकही चूक नाही. हवा बरोबर, पेट्रोल बरोबर, इंजिनाचं तापमान बरोबर. मी प्लग बदलला. दुसऱ्या दिवशी काकांचा निरोप, "वाजतंय की." मी इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केली, इंजेक्टर धुतला. "वाजतंय की." मग आत साचलेला काजळीचा थर तापून आवाज येतोय असं माझ्या डोक्यात आलं, म्हणून पप्पांच्या मागं लागून इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, उघडवलं. आत माझ्या वहीसारखं स्वच्छ. हेड परत बसवताना पप्पा दर नटाला एकदा माझ्याकडं बघत होते.

"उसाचं पेट्रोल हाय त्ये," ज्ञानूमामा म्हणाले. "इथेनॉल. टकटकणारच."

"मामा, इथेनॉलनं उलट नॉकिंग कमी होतं."

"व्हय गं व्हय. तू साखर कारखान्याची चेअरमन."

तरी मी टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरायला लावलं. दुसऱ्या दिवशी निरोप काय आला असेल? "वाजतंय की."

सगळ्यात वैताग याचा, की मला ती टकटक ऐकूच येत नव्हती. मी पंधरा वर्षांची. लायसन नाही, म्हणून गाडी चालवायची नाही, आणि पप्पा या बाबतीत फार कडक. म्हणजे शाळेतनं पळत यायचं, दप्तर पाठीवर तसंच ठेवून पप्पांच्या मागं बसून पुईखडीला जायचं, गाडी चढावर घालायची, आणि ती बया पदर सावरून चालल्यासारखी गुपचूप चढायची. मी मागं कान टवकारून. एकदा आवाज आला म्हणून मी ओरडले, तर तो माझ्याच कंपासपेटीचा होता.

मग मी विचार केला. येताना वाजत नाही, जाताना वाजतं. येताना पहाट, जाताना दुपार. म्हणजे ऊन आणि ओझं. पेपर संपल्यावर एका दुपारी बाराच्या उन्हात पेंडेची दोन्ही पोती लादून पप्पांना गाडी चढवायला लावली, मी आणि ज्ञानूमामा स्कूटरवर मागं. ऑक्टोबरचं ऊन असं, की स्कूटरची सीट चटका देत होती. गाडी वर पोचली. वर थांबून स्कॅनर लावला. एकशे दहा. इंजिनाच्या तापमानाचा तो आकडा रोज बघून मला पाढ्यासारखा पाठ झाला होता.

"काय वाजलं?" पप्पांनी विचारलं.

"न्हाय," मी म्हटलं, आणि मला रडू यायला लागलं, पण मी ते उन्हावर ढकललं.

बाळासोकाका गॅरेजमध्ये रिकाम्या कॅनांजवळ बसून होते. माझं डोकं फिरलेलं. मी सरळ म्हणाले, "काका, तुम्ही चौथ्या गिअरमध्ये चढ चढवताय. दुसरं काही नाही. इंजिनाचा जीव काढताय तुम्ही."

"तिसरा टाकतो की, ताई."

"मग पप्पांनी चढवल्यावर का नाही वाजली?"

"म्हंजी मी खोटं बोलतोय व्हय?" ते उठले. आवाज चढवला नाही, पण त्यांनी कॅन असे उचलले, की कड्या खणकन वाजल्या. "पन्नास किलोमीटर रोज ऐकतोय मी ते. रातीला झोपतानाबी कानात वाजतंय. तुमाला ऐकू येत न्हाय म्हंजी माझंच कान फुटलं?"

ते गेल्यावर ज्ञानूमामांनी चहाचा कप खाली ठेवला. पप्पा हात पुसत म्हणाले, "गिऱ्हाईक खोटं बोलत नसतंय, सपे. त्याला नीट सांगता येत नसतंय." मी खोक्याकडं बघितलं. खुर्चीवरच होतं अजून. सोमवारला तीन दिवस राहिले होते.

रविवारी शेवटचा इलाज म्हणून मी पप्पांना म्हटलं, आपण गाडी घ्यायची नाही. काकांनाच चालवू दे. त्यांचं ओझं, त्यांची वेळ, त्यांचा हात. आपण नुसतं मागं जायचं. पप्पांनी स्कूटर काढली. मी स्कॅनर पोटाशी धरून मागं.

काका पुढं होते. पोती लादलेली, त्यावर रिकामे कॅन बांधलेले. रंकाळा गेला. पुईखडीचा चढ सुरू व्हायच्या आधी रस्त्याकडेला एक मोठं लिंबाचं झाड आहे, तिथं त्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं, पाणी प्यायला. त्यांनी पोत्याच्या फटीतनं एक घडी ओढून काढली. झटकली. गॉगल. अर्धी मिशी. भावी.

आणि गाडीसमोर उकिडवं बसून ते लेगगार्डला सुतळी आवळायला लागले.

मी स्कूटरवरनं उडीच मारली. "काका, हे काय?"

"कव्हर."

"ते तुम्ही काढलंय ना? कितीतरी दिवस झाले!"

"शहरात काढतो. हितनं फुडं बांधतो." ते गाठ मारतच होते. "पोत्यांच्या फटीत कोंबून फाटतंय त्ये. आन गावात पाणंदीला अजून ढोपरापत्तर चिखल हाय. उघड्या पायानं कसं जायचं?"

"आणि सकाळी येताना?"

"सकाळी थंडी वाजतीया म्हणून असतंयच. ह्याच झाडाखाली सोडतो आन मग शहरात येतो." त्यांनी शेवटची गाठ आवळली. "तुमच्यात कुणी हसाय नको."

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साधं बोलले, पाऊस आला म्हणून छत्री उघडली असं सांगावं तसं.

माझे कान गरम झाले. आणि त्याच वेळी डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं, खटकन, पाना नटवर बसतो तसं. या गाडीला रेडिएटर नाही. पंखा नाही. समोरनं येणारा वारा इंजिनाच्या पात्यांवरनं जातो, तेवढ्यावरच ती गार राहते. पहाटे थंडी असते आणि रस्ता उताराचा, म्हणून फ्लेक्स असला तरी चालून जातं. दुपारी ऊन, दोन पोती, चढ, आणि समोर भाऊ आडवे. गॅरेजमध्ये मी रोज तिला मोकळा वारा देत होते आणि विचारत होते, बाई गं, तुला काय होतंय?

"पप्पा," मी म्हटलं, "वारा."

पप्पांनी फ्लेक्सकडं बघितलं, मग इंजिनाकडं, मग परत फ्लेक्सकडं. त्यांनी कपाळावर हात मारला नाही, पण हात कपाळापर्यंत गेला होता.

"काका, हे असंच राहू दे. चढवा गाडी."

ते पुढं, आम्ही त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून. अर्धा चढ झाला आणि सुरू झालं. पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तसं. टकटक टकटक टकटक. तिसऱ्याच गिअरमध्ये! आयुष्यात एवढा सुंदर आवाज मी ऐकला नव्हता.

"वाजलं! पप्पा, वाजलं!"

"वरडू नको. ऐकू दे मला."

वर पोचल्यावर स्कॅनर लावला. एकशे बावन्न. मी आकडा काकांना दाखवला. त्यांना आकड्याचं काही नव्हतं, ते माझ्याकडं बघत होते. "आला न्हवं आवाज?"

"आला, काका."

"मग झालं," ते म्हणाले, आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की टकटकीपेक्षा त्याचंच ओझं जास्त होतं असं वाटलं.

फ्लेक्स सोडला. गाडी गार व्हायला अर्धा तास सावलीत बसलो. काकांनी पिशवीतनं भडंग काढलं आणि तिघांच्या मधे ठेवलं. मग उघड्या इंजिनानं, त्याच पोत्यांसकट, खालनं परत चढ. गुपचूप. पुन्हा एकदा. गुपचूप.

आता पप्पांनी विचारलं, "काय मग? यंत्रानं सापडलं म्हणायचं?"

इथं मला सोपं होतं. एकशे दहा आणि एकशे बावन्न, दोन्ही आकडे वहीत होते. व्हय म्हटलं असतं की संपलं. पण काका तिथंच बसून कागदातलं शेवटचं भडंग बोटानं गोळा करत होते.

"न्हाय," मी म्हटलं. "यंत्र रोज बरोबरच सांगत होतं. पहिल्या दिवशी काका कव्हर बांधूनच आलते. मी हसलो. सगळ्यांसमोर. म्हणून त्यांनी ते काढलं, आणि मग मी तेरा दिवस नसलेला आजार शोधला. वर त्यांनाच म्हटलं, तुम्हाला गाडी चालवता येत नाही." मग काकांकडं बघायला जमेना, म्हणून फ्लेक्सकडं बघत म्हटलं, "काका, चुकलं माझं."

"अगं, हसण्यासारखंच हाय त्ये," काका म्हणाले. "मी बायकोला म्हनलंवतं, निदान मिशी तरी आत घे."

पप्पा उठून स्कूटरपाशी गेले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी आत गाडीखाली होतो. तू हसलीस ते ऐकलं. कशाला हसलीस ते उठून बघितलं न्हाय." त्यांनी स्कूटरला किक मारली. "चल."

एवढंच. धवलशेठ येणार का नाही, विचारायची माझी छाती झाली नाही. फ्लेक्स काकांकडनं मागून घेतला होता. 'उद्या सकाळी नीट करून देतो,' असं मीच फुशारकीनं सांगितलेलं. नीट म्हणजे मधला भाग कापायचा, दोन्ही पायांपुढं दोन वेगळे पडदे करायचे, इंजिनासमोर वाट मोकळी. ऐकायला सोपं. आईच्या मशीनवर पहिली सुई मोडली. दुसरी मोडली. तिसऱ्या सुईला आईनं मशीनच काढून घेतलं आणि दाभण दिला. दाभणानं फ्लेक्सपेक्षा माझी बोटं जास्त शिवली. इंजिनाचं हेड परवडलं! संध्याकाळपर्यंत एका बाजूला एक गॉगलची काच आणि पाव मिशी, दुसऱ्या बाजूला दुसरी काच आणि 'वी'. 'भा' कापण्यात गेला.

सोमवारी सकाळी शाळेआधी गॅरेजवर गेले, तर खुर्ची रिकामी. खोकं नाही. धवलशेठ इतक्या सकाळी?

पप्पा फळीसमोर पाठमोरे उभे होते. हातात पांढऱ्या रंगाचा डबा. स्कॅनर खिळ्यावर लटकत होता आणि ते त्याच्याभोवती ब्रशनं कड काढत होते. वायरीपाशी कड वाकडी गेली होती.

"हलवू नको, ओलं हाय," ते मागं न बघता म्हणाले.

मला किंचाळायचं होतं, पण ओल्या रंगाला धक्का लागेल असं वाटलं.

तेवढ्यात बाळासोकाका आले. मी नवं कव्हर बांधून दिलं. त्यांनी मागं सरकून बघितलं, ज्ञानूमामांनी बघितलं, आणि कुणी हसायच्या आत काका स्वतःच म्हणाले, "भाऊंची फाळणी झाली." मग सगळेच हसलो.

मंगळवारी ते रतीब घालून आले, तर कव्हर गाडीला बांधलेलंच होतं. झाडाखाली सोडलं नव्हतं. राजारामपुरीच्या सगळ्या गल्ल्यांतनं ते दोन्ही पडदे फडफडवत आले होते. मला इतकं बरं वाटलं, की मी हातातला पाना तसाच ठेवून पुढं धावले. "काका! काल चढावर वाजली?"

"न्हाय की. एकदम गार."

"बघा!"

"टकटक गेली," ते गाडी स्टँडला लावत म्हणाले. "पन आता ती गेली म्हणून दुसरं ऐकू यायलंय. उताराला मागनं कायतरी कुईकुई करतंय. हितं न्हाय करत. फकस्त उताराला."

मी डोळे मिटले. ज्ञानूमामा चहाचा कप तोंडाशी धरून माझ्याकडं बघत होते, तयारीत.

"काका," मी डोळे न उघडता विचारलं, "उताराला तुम्ही मागं काय काय बांधता, ते सगळं सांगा. पहिल्यापासनं."